चिठ्ठीवर चालणारी चिमुकली रेल्वे

पुण्यात कर्वे रस्त्यालगत भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे. १९९८ मध्ये ते खुलं झालं. मुलांच्या सहलीबरोबर किंवा सुट्टीत पुण्याला गेल्यावर तुमच्यापैकी कितीतरी जणींनी ते पाहिलं असेल. दिवे मंदावतात, सिग्नल लागतात, गाड्या धावू लागतात आणि मुलंच काय, सोबतच्या आज्यासुद्धा टाळ्या वाजवतात. तिथे आपण असतो प्रेक्षक.

पण या छंदाचा एक वेगळा प्रकार आहे, त्यात प्रेक्षकच नसतात. जमलेल्या प्रत्येकाला काम असतं. अमेरिकेत हा प्रकार फार रुजला. तिथे या छंदवेड्यांची राष्ट्रीय संघटना १९३५ पासून आहे. घराच्या तळघरात किंवा गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं खपून ही मंडळी रूळ, स्थानकं, डोंगर, गावं उभी करतात. खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान हे त्यांचं सर्वांत आवडतं माप. म्हणजे चाळीस फुटी मालडबा साडेपाच इंचांचा, वीतभरही नाही!

सगळं उभं राहिलं, गाडी गोल गोल फिरली, पुढे काय? दहा फेऱ्या झाल्या की मोठ्या माणसालाही कंटाळा येतोच. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसन यांनी १९४० च्या दशकात याचं छान उत्तर दिलं. त्यांनी छोट्या रेल्वेची तुलना चक्क नाटकाशी केली. रूळ म्हणजे रंगमंच, गाड्या म्हणजे नट आणि वेळापत्रक म्हणजे संहिता. थोडक्यात काय, तर गाडी नुसती पळवू नका, तिला काहीतरी काम द्या.

मग ठरलेल्या संध्याकाळी आठ-दहा जण जमतात. एक जण कंट्रोलर, एक यार्डमास्तर, बाकीचे ड्रायव्हर आणि गार्ड. भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम वेगाने धावतं. चौपट वेग ठेवला तर आपली पंधरा मिनिटं म्हणजे रेल्वेचा एक तास, आणि तीन तासांत रेल्वेचा बारा तासांचा कारभार उरकतो.

प्रत्येक मालडब्याचं एक कार्ड असतं. कार्डाच्या खिशात एक चिठ्ठी. हा डबा कुठून आला, त्यात काय भरलंय, कुठे पोचवायचाय ते तिच्यावर लिहिलेलं. डबा पोचला की पुढच्या खेळाआधी चिठ्ठी उलटायची, की नवा मुक्काम! त्यामुळे कुठला डबा कुठे न्यायचा हे कोणाला पाठ करावं लागत नाही. पहिल्यांदाच आलेला पाहुणाही कार्ड वाचून गाडी नेऊ शकतो.

कंट्रोलर तर बरेचदा दुसऱ्याच खोलीत बसतो. त्याला गाड्या दिसतच नाहीत. फोनवर जे कळेल त्यावर विश्वास ठेवायचा आणि कोणाला थांबवायचं, कोणाला सोडायचं ते ठरवायचं. हुकूम मिळाला की ड्रायव्हरने तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. ज्यांच्या घरात रेल्वेची नोकरी आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडेही गाडी घेण्यासाठी दोन स्टेशनमास्तर एकमेकांना प्रायव्हेट नंबर देतात, तो याच भरवशापोटी.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. एखादा डबा सारखा रुळावरून घसरत असेल, तर त्याच्यावर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी लावून तो बाजूला काढतात. नंतर सवडीने दुरुस्ती होते. कोणामुळे घसरला यावर वादावादी करत बसले, तर मागच्या गाड्या खोळंबतील ना! शेवटी चहा-खाणं होतं. जिंकलं कोणीच नाही, हरलंही कोणी नाही. आणि पुढच्या वेळी कामं बदलतात. आजचा कंट्रोलर उद्या मालगाडीचा ड्रायव्हर.

इथेच मैत्रिणींनो, मी थबकले. आपल्या घरात कंट्रोलरची खुर्ची कोणाकडे असते? सासूबाईंच्या गोळ्या, गॅसचा नंबर, दूधवाल्याचा हिशेब, शाळेच्या फीची तारीख. सगळं एकीच्याच डोक्यात. महिला मंडळाच्या कामात घरोघरी हेच बघते. ती बाई चार दिवस आजारी पडली की घर सायडिंगला! बाकीचे कामचुकार असतात असं नाही, पण त्यांच्या हाती कार्डच नसतं.

मुलांना आधी खेळातून सवय लावा. महागड्या गाडीची गरज नाही. ब्रिटनच्या ॲलन राइट यांनी शंटिंगचं एक कोडं रचलं, ते रिकाम्या काडेपेट्यांवर खेळता येतं. फरशीवर खडूने एक रूळ काढा, पुढे त्याला तीन फाटे फोडा. एका फाट्यावर पाच पेट्या मावतील, बाकी दोघांवर तीन-तीन. सुरुवातीच्या रुळावर इंजिन आणि तीनच पेट्या मावल्या पाहिजेत. आठ पेट्यांवर लिहा: गहू, साखर, कापूस, खत, सिमेंट, कांदा, कोळसा, तेल. पाच पेट्या लांब फाट्यावर, तीन एका आखूड फाट्यावर ठेवा. इंजिन म्हणून दोऱ्याचं रीळ चालेल. आता आठ नावांच्या चिठ्ठ्यांतून पाच उचला. ज्या क्रमाने निघाल्या, त्याच क्रमाने पाच पेट्यांची गाडी लांब फाट्यावर लावायची. पेटी उचलायची नाही, दुसरीवरून न्यायची नाही. इंजिनाने फक्त ओढायचं आणि ढकलायचं. पाच चिठ्ठ्यांचे ६,७२० वेगवेगळे क्रम निघू शकतात, म्हणजे सुट्टी संपेल, खेळ संपणार नाही.

एकाने पाठ करून हुकूम द्यायचे, दुसऱ्याने ते परत म्हणून गाडी हलवायची, तिसऱ्याने सांधे बदलायचे. मग अदलाबदल. मुलींनाही कंट्रोलर करा बरं का! २०१७ मध्ये मुंबईच्या माटुंगा स्थानकाचा सगळा कारभार महिला कर्मचाऱ्यांकडे सोपवला गेला, हे त्यांना जरूर सांगा.

मुलं खेळत असतील तेव्हा आपणही चार कोरी कार्डं घ्यावीत. गोळ्यांचं एक, गॅसचं एक, दुधाचं एक, फीचं एक. नीट लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावीत. आणि येत्या रविवारी कंट्रोलरच्या खुर्चीत कोण बसणार, ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं. आपलं नाव मात्र त्यात घालू नये!