भूमिगत बंडखोर ते खासदार : रावी नारायण रेड्डी

मराठवाडा हैदराबाद संस्थानात असल्यामुळे मुक्तिसंग्राम म्हटलं की आपल्याला स्वामी रामानंद तीर्थ आठवतात. त्याच काळात तेलंगणात शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा पेटला होता, आणि त्याच्या आघाडीच्या नेत्यांपैकी एक होते नलगोंड्याचे रावी नारायण रेड्डी. स्वतः जमीनदार घराण्यातले, तरी देशमुख-जागीरदारांविरुद्ध आणि निजामाविरुद्ध उभे राहिले! 1951 च्या ऑक्टोबरात लढा मागे घेतला गेला. संस्थानात कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती, म्हणून 1952 ची लोकसभा त्यांनी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटकडून लढवली. नलगोंड्यातून तीन लाखांहून अधिक मतं, म्हणजे खुद्द पंडित नेहरूंपेक्षाही जास्त! हा माणूस आपल्याकडे इतका कमी माहीत असावा, याची मला फार खंत वाटते. 1992 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.