सातभाई आणि कोतवाल : भिन्न जातींचे पक्षी एकत्र का हिंडतात?

पावसाळा सरून खरिपाची पिके घरात येऊ लागली की गावाजवळच्या राईत किंवा ओढ्याकाठच्या झाडीत सकाळच्या वेळी एक प्रकार पाहावयास मिळतो. बराच वेळ सर्वत्र शांतता असते. एकही पाखरू दृष्टीस पडत नाही. मग एकाएकी कलकलाट कानी येतो आणि पाचदहा मिनिटांत झाडीचा तेवढा भाग पक्ष्यांनी भरून जातो. खाली पाचोळ्यात सातभाई पाने उलथीत असतात. त्यांच्यावरच्या आडव्या फांदीवर कोतवाल बसलेला असतो. टकाचोर, नाचण, सुभग, शिंपी, वल्गुली, चष्मेवाला, एखादा सुतार अशी मंडळी आपापल्या उंचीवर कामाला लागलेली दिसतात. थोड्या वेळाने हा सारा मेळा पुढे सरकतो व झाडी पुन्हा निःशब्द होते.

हे पक्षी एकत्र का येतात, असे मुलांनी विचारल्यास बहुधा मित्रप्रेमाचे किंवा एकीच्या बळाचे उत्तर दिले जाते, आणि पाठोपाठ जाळे घेऊन उडालेल्या कबुतरांची गोष्ट येते. हितोपदेशातील चित्रग्रीवाची ती कथा नीतिपाठासाठी उत्तमच आहे. परंतु त्या कथेतील सारी कबुतरेच आहेत. येथे प्रश्न निराळा आहे : ज्यांची जात, बोली, घरटे व आहाराची रीत एकमेकांशी जुळत नाही, त्यांनी एका वाटेने का जावे? निसर्गपाठात या प्रश्नाला नीतिकथेचे उत्तर दिले, तर मुलाचे समाधान होते खरे, पण त्याचे पाहणे तेथेच थांबते.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. वड पिकला की मैना, बुलबुल, तांबट व हरियल एकाच झाडावर दाटी करतात. नांगरामागे बगळे, साळुंक्या व कोतवाल चालतात. येथे पक्ष्यांना ओढणारी वस्तू वड अथवा नांगर ही आहे. ती संपली की ज्याची त्याची वाट वेगळी. याला मेळावा म्हणावे. वर वर्णिलेल्या थव्यात मात्र पक्ष्यांना ओढणारी वस्तू म्हणजे दुसरे पक्षीच होत. झाड बदलले तरी सोबत बदलत नाही. मेळावा व थवा यांची ही खूण मुलांना सहज समजते.

अशा थव्यांचे वर्णन इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री वॉल्टर बेट्स याने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ॲमेझॉन नदीवरील ग्रंथात केले आहे. त्या अरण्यात तो अकरा वर्षे राहिला होता. तेथील रहिवाशांची समजूत अशी होती की, एक लहानसा करडा पक्षी इतर सर्वांवर मोहिनी घालतो व त्यांना रानभर नाचवीत नेतो. बेट्सने ही समजूत भोळी ठरविली. सारे पक्षी किडे शोधण्यात गुंतलेले आहेत, हे त्याने ओळखले. त्याचे म्हणणे खरेच होते. तथापि थव्याला कोणीतरी नेणारा असतो, या समजुतीतही तथ्यांश होता, असे पुढील अभ्यासावरून दिसून आले.

थव्याची कारणे मुख्यतः दोन मानली जातात : एक अन्न, दुसरे भय. अन्नाचे कारण डोळ्यांना लगेच दिसते. सातभाईंनी पाचोळा उपसला की टोळ व पाखरे उडतात आणि वर बसलेला कोतवाल ती हवेतच टिपतो. फांद्या हलल्याने उडालेल्या माश्या नाचणाच्या वाट्याला येतात. पण एवढ्यावरून सारा थवा उलगडत नाही. पानाखालची अळी शोधणाऱ्या शिंप्याला किंवा सालीत चोच घालणाऱ्या सुताराला खालच्या उपसाउपशीचा कितीसा उपयोग?

येथे भयाचा विचार करावा लागतो. कीटकभक्षी लहान पक्ष्याची मोठी अडचण ही की, किडा शोधायचा तर नजर पानावर खिळवावी लागते आणि तेवढ्यात शिक्रा केव्हा झडप घालील याचा नेम नसतो. एकट्या पक्ष्याला दर थोड्या वेळाने मान वर करावी लागते. तितका वेळ पोट रिकामे राहते. सोबतीला पुष्कळ डोळे असले तर पहाऱ्याचे काम वाटले जाते. शिवाय तीस पक्ष्यांत शिकाऱ्याची झडप नेमकी आपल्यावरच येण्याचा संभव एकट्यापेक्षा कितीतरी कमी. प्रत्येक प्राणी इतरांच्या आडोशाला जाऊ पाहतो आणि त्यातूनच कळप बनतो, असा विचार डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या शास्त्रज्ञाने १९७१ साली गणिताच्या आधारे मांडला. त्यात परोपकाराला जागा ठेवलेली नाही.

मग स्वजातीयांचाच थवा का करू नये? याचे उत्तर या विषयाचे मर्म होय. एकाच जातीचे वीस शिंपी एकत्र आले तर वीसही जण एकाच तऱ्हेच्या पानांखाली एकाच तऱ्हेच्या अळ्या शोधतील आणि अन्न पुरणार नाही. शिंपी, सुतार, नाचण व सातभाई एकत्र आले तर एक पानाखाली, दुसरा खोडावर, तिसरा हवेत व चौथा जमिनीवर आपले भक्ष्य शोधतो. पहाऱ्याचे डोळे वाढतात, पण त्याच ताटात जेवणारी तोंडे फारशी वाढत नाहीत.

हरी श्रीधर, कार्तिक शंकर व त्यांचे कॅनडातील सहकारी यांनी जगभरच्या अशा थव्यांची माहिती एकत्र करून २००९ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. थव्यात सामील होणारे पक्षी न होणाऱ्यांपेक्षा आकाराने लहान व अधिक कीटकभक्षी असतात आणि मागे येणाऱ्यांचे मान वर करून पाहणे थव्यात असताना कमी होते, असे त्यांत आढळले. भयाच्या कारणाला यामुळे पुष्कळच बळ मिळाले.

थव्यात सर्वांचे स्थान सारखे नसते. पुढे चालणारे बहुधा मुळातच कळपाने राहणारे व गलबला करणारे पक्षी असतात. त्यांच्या आवाजावरून इतरांना थवा सापडतो. श्रीलंकेतील सिंहराजा अरण्यात शरद कोटगम व एबेन गुडेल यांनी याचा बारकाईने अभ्यास केला. तेथील थव्यात सरासरी सुमारे ४० पक्षी व ११ जाती आढळतात. त्यांचा गाभा म्हणजे आपल्या सातभाईंचाच एक नारिंगी चोचीचा भाऊबंद आणि शेपटीला दोन लांब पिसे असलेला भृंगराज कोतवाल. हा भृंगराज सह्याद्रीच्या रानांतही आहे. सातभाईचा भाऊबंद वरचेवर ओरडतो, कधी विनाकारणही. भृंगराजाचा इशारा अधिक भरवशाचा असतो. तो इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करतो, आणि त्या नकलेने थव्यातील इतर जाती त्याच्याजवळ ओढल्या जातात, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत दिसून आले. गावकऱ्यांनी या कुळाला कोतवाल हे नाव दिले, ते उगीच नव्हे.

पण कोतवालाच्या इमानाविषयी फार खात्री बाळगू नये. आफ्रिकेतील कलाहारी वाळवंटात टॉम फ्लॉवर यांनी तेथील कोतवालांची वागणूक वर्षानुवर्षे पाहिली. पुष्कळदा हा पक्षी खरा इशारा देतो आणि सातभाईंचे तेथील भाऊबंद त्यावर विसंबून निर्धास्तपणे चरतात. मात्र एखाद्याला मोठा किडा सापडला की कोतवाल शत्रू आल्याची खोटी हाक देतो; तो पक्षी भक्ष्य टाकून पळतो व कोतवाल ते उचलतो. तीच हाक वारंवार दिल्यास ऐकणारे फसेनासे होतात, म्हणून तो दुसऱ्या पक्ष्याची हाक काढतो. हे निरीक्षण २०१४ साली प्रसिद्ध झाले. असे असूनही इतर पक्षी त्याची सोबत सोडीत नाहीत, कारण त्याच्या खऱ्या इशाऱ्याचा लाभ खोट्याच्या तोट्याहून मोठा असतो. वर्गात हा भाग सांगितल्यास मुले आपण होऊन वाद घालू लागतील. तो घालू द्यावा.

निरीक्षणास ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. उत्तरेकडून आलेले छोटे वटवट्या पक्षीही तेव्हा थव्यात सामील झालेले असतात. मुलांच्या लहान तुकडीने एका जागी मुकाट्याने बसावे; बेचकी अर्थातच घरी ठेवावी. सर्व नावे माहीत असण्याची गरज नाही. प्रथम कोण आले, शेवटी कोण गेले, कोण किती उंचीवर चरत होते, इशारा कोणी दिला व तो ऐकून कोण लपले, एवढे तारीख व वेळ घालून वहीत टिपावे. उन्हाळा लागून विणीचे दिवस आले की बहुतेक जातींच्या जोड्या आपापली हद्द धरतात आणि थवे विरळ होतात. सातभाई तेवढे बारमाही कळपातच राहतात. त्या दिवसांत कोतवाल घरट्याच्या झाडाजवळ आलेल्या कावळ्यावर व शिक्र्यावर तुटून पडतो, आणि त्याच झाडावर किंवा शेजारी हळद्याचे वा बुलबुलाचे घरटे कित्येकदा सापडते.