काळारामाचें दार

नाशकास गेलेला यात्रेकरू काळारामाचें दर्शन घेतल्यावांचून सहसा परतत नाहीं. हें काळ्या पाषाणाचें मंदिर पेशवाईंत सरदार ओढेकरांनीं बांधविलें, असें वडील मंडळी मुलांस सांगतात. परंतु त्याच्या दाराची गोष्ट आपण बहुधा सांगत नाहीं.

२ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं हजारों अस्पृश्य मानलेले स्त्रीपुरुष रामदर्शनासाठीं येथें आले, तेव्हां दारें लावून घेण्यांत आलीं. दादासाहेब गायकवाडादि कार्यकर्त्यांनीं पुढें कित्येक वर्षें सत्याग्रह चालविला, तरी तीं उघडलीं नाहींत. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं, याच जिल्ह्यांतील येवल्यास, बाबासाहेबांनीं हिंदु म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला.

अमेरिकेंत मायामीजवळचा व्हर्जिनिया की हा समुद्रकिनारा १९४५ सालीं कृष्णवर्णीयांसाठीं वेगळा काढून दिलेला होता. तेथील नागरिकांनीं तो पुसूं न देतां ऐतिहासिक उद्यान म्हणून जतन केला.

आज काळारामाचें दार सर्वांस मोकळें आहे. पण तें एके काळीं लावणारे आपल्यांतलेच होते. म्हणून ही आठवण राखण्याचा भारहि प्रथम आपल्याच घरांवर येतो, असें आम्हांस वाटतें. पुढच्या खेपेस मुलांना घेऊन जाल, तेव्हां दर्शनापूर्वीं क्षणभर दारांत थांबा आणि त्यांना हें सांगा.