पिशवीतला स्टुडिओ – ६ : नवतपा आणि तीनशे निट्स

प्रोसेसरची पाळी आज होती, ती पुढच्या आठवड्यावर गेली. कारण साकोलीहून आलेलं एक पत्र. पत्र लिहिणारा वाचक लगीनसराईत लग्नांचे फोटो काढतो आणि उरलेल्या दिवसांत संधी मिळेल तेव्हा पिटेझरी गेटातून नागझिऱ्यात शिरतो. त्याची तक्रार अशी, की दुकानात झकास दिसलेला लॅपटॉप जिप्सीत उघडला की स्क्रीनवर वाघाऐवजी स्वतःचाच चेहरा दिसतो. आणखी पैसे घातले तर हे थांबेल का?

थांबेल, पण पैसे कुठे घालायचे ते कळलं तर. जास्त रॅम आणि दांडगं ग्राफिक कार्ड घेऊनही चेहरा तिथेच राहील.

दुकानात ट्यूबलाइटचा उजेड तीनशे ते पाचशे लक्स असतो. मोकळ्या जागेतल्या सावलीत तो दहा हजारांच्या आसपास जातो आणि भर दुपारच्या उन्हात एक लाखापर्यंत. स्क्रीन मात्र तीच. मध्यम किमतीच्या बहुतेक लॅपटॉपची चमक २५० ते ३०० निट्स असते. आता समोर बसलेल्या माणसाचा विचार करू. उन्हात पांढरा शर्ट साधारण पंचवीस हजार निट्सने तळपतो. साधी चकचकीत काच समोरच्या उजेडातला चारेक टक्के परत फेकते, म्हणजे एक हजार निट्स. तीनशे निट्सचा वाघ आणि हजार निट्सचा शर्ट, यात कोण दिसणार? तोच माणूस सागाच्या सावलीत सरकला, तर शर्टाचं प्रतिबिंब शंभर निट्सवर येतं आणि वाघ दिसू लागतो. खाकी किंवा मातकट कपडे घातले तर आणखी फरक पडतो. जंगलात भडक कपडे नकोत हा नियम प्राण्यांसाठी आहे, पण त्याचा फायदा लॅपटॉपलाही होतो.

मग मॅट स्क्रीन घ्यावी का? बाहेरच्या कामाला, हो. मात्र तिच्याबद्दल फार भाबडं राहू नये. मॅट पृष्ठभाग प्रतिबिंब गिळत नाही, विखुरतो. चेहरा जातो, त्याच्या जागी सगळ्या फोटोवर दुधाळ साय येते आणि काळा रंग राखाडी होतो. निवड करायला ही साय चालते. अस्वलाच्या अंगावरचे केस तपासायला चालत नाही.

चमकेचे आकडे वाचताना एक सावधगिरी हवी. जाहिरातीतला मोठा आकडा पुष्कळदा ‘पीक’ असतो, म्हणजे एचडीआर चित्रफितीतल्या लहानशा ठिपक्यापुरता. नेहमीच्या कामात किती निट्स मिळतात, तो आकडा वेगळा विचारावा लागतो. मॅकबुक एअर ५०० देतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेला एम४ मॅकबुक प्रो बाहेरच्या लख्ख उजेडात साध्या चित्रालाही १००० पर्यंत जातो आणि जास्त पैसे मोजले तर प्रतिबिंब कमी करणारी नॅनो-टेक्स्चर काच मिळते. किंमत पाहून साकोलीकराने कपाळाला हात लावला तर नवल नाही. त्याला तितक्याची गरजही नाही. चारशेच्या वरची मॅट स्क्रीन आणि झाडाची सावली, एवढ्यात काम भागतं.

आता रंग. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि लग्नाच्या अल्बमचं वाटोळं बरेचदा तिथेच होतं. एनटीएससी ही अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीची १९५३ सालची मोजपट्टी. आज लॅब, मोबाइल आणि सगळं जग ज्या एसआरजीबीवर चालतं, ती एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये पुढे आणली. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीचे जेमतेम साठ-बासष्ट टक्के. ७२ टक्के एनटीएससी असेल तर जवळजवळ पूर्ण एसआरजीबी मिळतं.

फाल्गुनात भंडारा जिल्ह्यात पळस फुलतो तेव्हा हा फरक लख्ख कळतो. अपुऱ्या स्क्रीनवर त्याचा केशरी रंग विटकरी दिसतो. फोटोग्राफर सॅच्युरेशन वाढवत नेतो, स्क्रीनवर पळस पळसासारखा दिसू लागतो, आणि लॅबमधून प्रिंट येते ती भगभगीत. नवरीच्या हळदीचं आणि शालूचंही तेच. दोष लॅबला दिला जातो.

उन्हात पूर्ण वाढवलेली चमक घरी तशीच राहिली की उलटा घोटाळा होतो. फोटो उजळ वाटतो म्हणून तो गडद केला जातो आणि प्रिंट काळवंडते. प्रिंटसाठी स्क्रीन घरात १०० ते १२० निट्सवर ठेवतात. म्हणून बाहेर फक्त निवड करावी, फोकस पाहावा, एक्स्पोजरसाठी हिस्टोग्रामवर विसंबावं. रंगाला हात घरीच लावावा.

नागझिऱ्याच्याच जंगलात रंगाची काडीची गरज नसलेलं एक कामही चालतं. नवेगाव-नागझिरा डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ मोजायला कॅमेरा ट्रॅप लावतात आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखतात. २०१८च्या देशव्यापी गणनेत अशा कॅमेऱ्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक फोटो टिपले, त्यांत वाघांचे होते ७६,६५१. रात्रीचे इन्फ्रारेड फोटो तर कृष्णधवलच असतात. अशा कामाला ४५ टक्केवाली स्क्रीन बेलाशक घ्यावी आणि वाचलेले पैसे मोठ्या एसएसडीवर घालावेत.

वाचकाने न विचारलेला प्रश्न उष्म्याचा आहे, आणि विदर्भात तो सगळ्यांत मोठा. मॅकबुक चालवण्यासाठी अ‍ॅपलने सांगितलेलं भोवतालचं तापमान १० ते ३५ अंश आहे. इतर अनेक कंपन्यांचीही मर्यादा पस्तीस-चाळीसच्या घरातच. पंचवीस मेच्या सुमारास नवतपा लागतो आणि पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा वॉरंटीच्या कागदावरचा लॅपटॉप आणि जिप्सीतला लॅपटॉप हे दोन वेगळे प्राणी होतात. एअरला पंखाच नाही. तापला की तो वेग कमी करतो. शेकडो रॉ फाइल एकदम एक्स्पोर्टला लावायच्या असतील तर उन्हाळ्यात पंखावाला लॅपटॉप बरा, आवाज करतो तरी. बॅटरी तापली की बरेच लॅपटॉप चार्जिंग थांबवतात. तो बिघाड नव्हे. बंद गाडीच्या काचेमागे मात्र लॅपटॉप कधीच ठेवू नये, बॅटरीचं आयुष्य तिथे झपाट्याने संपतं.

पॉवर बँकेचं गणित थोडक्यात: २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-तास, त्यातले काही रूपांतरात जातात. पन्नासेक वॉट-तासांच्या बॅटरीला एक भरणं मिळतं. पॉवर बँक ६५ वॉट पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) देणारी हवी, नाहीतर काही लॅपटॉप दाद देत नाहीत.

तर साकोलीकराने पुढचा लॅपटॉप घेताना एवढं करावं. पेन ड्राइव्हवर दोन फोटो न्यावेत, एक पळसाचा आणि एक दाट सावलीतल्या गव्याचा. लॅपटॉप दुकानाच्या पायरीवर आणायला सांगावा, चमक पूर्ण करावी आणि गव्याचे डोळे दिसतात का ते पाहावं. पायरीवर आणू न देणाऱ्या दुकानातून घेऊ नये. प्रोसेसर पुढच्या आठवड्यात.