परदेशी निघताना डाळिंबाची बाग

निवृत्तीनंतर मुलांकडे परदेशी राहायला निघालेल्या सोलापूरच्या बागायतदाराला पहिला घोर बागेचा. भारतात राहत असताना घेतलेली शेतजमीन ‘फेमा’ या परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी झाल्यावरही नावावर ठेवता येते; नवी मात्र विकत घेता येत नाही. म्हणून घाईने विकू नये. पण कायद्यापेक्षा डाळिंबावरचा तेल्या रोग कडक! बहर धरताना पाणी तोडणं, छाटणी, फवारणी फोनवरून जमत नाही. भरवशाचा वाटेकरी हवा. अडलं तर त्याला केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे.

परदेशातल्या खर्चासाठी नोकरीच्या पेन्शनवर मात्र विसंबू नये. कर्मचारी पेन्शन योजनेची (ईपीएस-९५) किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये; डॉलरमध्ये मोजायला गेलं तर हसू येतं. शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो वेगळाच.