आयत्या पेशीत नागोबा

हैदराबादला तारनाका मेट्रो स्टेशनवर उतरा आणि उप्पल रस्त्याला लागा. आधी रसायनशास्त्राची संस्था आयआयसीटी, मग तिच्या शेजारी पेशींचा अभ्यास करणारी सीसीएमबी. 1977 साली पुष्पमित्र भार्गवांनी पहिलीच्याच पोटातून दुसरी उभी केली. विषाणू पेशीत शिरून काय काय उचापती करतो, हे विचारायला याहून चांगला पत्ता कुठला?

2020 मध्ये सीसीएमबीत कृष्णन हर्षन यांच्या चमूने करोनाचा विषाणू वाढवला. त्यासाठी जिवंत पेशी लागतात, कारण विषाणूकडे स्वतःचं प्रथिनं बनवायचं यंत्र नसतं. आयत्या बिळावर नागोबा! इथलं बीळ म्हणजे 'व्हेरो' पेशी. 1962 साली जपानमध्ये एका आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून त्या काढल्या. माकड कधीच गेलं, पेशी अजून वाढताहेत. विषाणूला त्या आवडतात, कारण शेजारणींना सावध करणारं इंटरफेरॉन त्यांना बनवताच येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही) वेगळा केलेला विषाणू, जपानी प्रयोगशाळेतल्या पेशी आणि हैदराबादचा कारखाना: कोव्हॅक्सिन लस अशी तयार झाली.

आत शिरल्यावरचा कावा तर बघा. करोनाचं एनएसपी1 हे प्रथिन रायबोसोमच्या, म्हणजे पेशीच्या प्रथिनं बनवायच्या यंत्राच्या, नेमक्या त्या फटीत जाऊन बसतं, जिथून पेशीचे निरोप आत जातात. पेशीची स्वतःची कामं अडतात, विषाणूचे निरोप मात्र सुटतात. मग पेशीच्याच आतल्या पडद्यांपासून दुहेरी पापुद्र्याचे फुगे तयार होतात. विषाणूच्या जनुकांच्या नकला त्यांच्या आत निघतात, म्हणजे पेशीच्या पहारेकऱ्यांना चाहूलही लागत नाही. चोरीचा माल लपवायला घरमालकाचंच कपाट!

करोना आतड्यातल्या पेशींनाही सोडत नाही, त्यामुळे त्याच्या खुणा विष्ठेतून सांडपाण्यात उतरतात. म्हणून या दोन्ही शेजारी संस्थांनी 2020 मध्ये थेट शहराचं सांडपाणी तपासलं आणि सुमारे 6.6 लाख हैदराबादकरांना लागण झाली असावी, असा अंदाज बांधला. कुणाच्याही नाकात काडी न घालता.

आता पेशी वाढवण्याबद्दल थोडं पुण्याचं कौतुक. के. आर. पी. सिंग यांनी 1967 साली तिथल्या विषाणू संशोधन केंद्रात एडिस डासाच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या. त्यांच्याच वंशातल्या सी6/36 पेशी आज जगभर डेंगी विषाणू शोधायला वापरतात. डेंगी झालेला डास मात्र त्याच विषाणूसह मजेत जगतो. तापाने फणफणायचं ते आपण.

करोनाची आणखी एक खोड म्हणजे शेजारच्या पेशी एकमेकींना चिकटवून अनेक केंद्रकांचा एकच गोळा करणं. ही कला विषाणूंची जुनीच, आणि तिच्यावाचून आपला जन्मही अडला असता. आपल्या जनुकसंचाचा सुमारे 8 टक्के भाग प्राचीन रेट्रोव्हायरसांकडून, म्हणजे यजमानाच्या जनुकांत स्वतःची जनुकं घुसवणाऱ्या विषाणूंकडून, आला आहे. त्यातल्याच एका जनुकापासून बनणारं सिन्सिटिन हे प्रथिन गर्भारपणात पेशी जोडून वारेचा बाहेरचा थर तयार करतं.