फिनिलकीटोनमेह, उंदरातील

फिनिलॲलॅनीन हायड्रॉक्सिलेज या एंझाइमाच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या) अभावामुळे उंदरात उद्‌भवणारी चयापचयातील आनुवंशिक विकृती. मानवातील याच विकाराचा शोध नॉर्वेतील वैद्य आस्ब्यर्न फलिंग यांनी १९३४ मध्ये लावला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात एथिलनायट्रोसोयूरिया या रसायनाने उंदरांत उत्परिवर्तने घडवून या विकाराचे प्रयोगोपयोगी वाण मिळविण्यात आले; त्यांपैकी तीव्र विकृतीच्या वाणाचे वर्णन १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले.

अन्नातील फिनिलॲलॅनिनापैकी प्रथिननिर्मितीस न लागणाऱ्या भागाचे यकृतात या एंझाइमामुळे टायरोसिनात रूपांतर होते. त्यास ऑक्सिजन व टेट्राहायड्रोबायोप्टेरीन हा सहघटक लागतो. हा मार्ग बंद पडला की, नेहमीच्या आहारावरही रक्तातील फिनिलॲलॅनीन प्राकृत पातळीच्या सुमारे १० ते २० पट वाढते. त्याचा काही अंश फिनिलपायरुव्हिक अम्ल व तत्सम पदार्थांच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर पडतो. टायरोसीन मात्र शरीरात तयार होत नसल्याने ते आहारातूनच मिळवावे लागते.

विकृतीचा खरा आघात मेंदूवर होतो. रक्तातून मेंदूत जाण्यासाठी मोठ्या उदासीन ॲमिनो अम्लांना एकच वाहक प्रथिन वापरावे लागते. फिनिलॲलॅनीन ते अडवून ठेवत असल्याने टायरोसीन व ट्रिप्टोफेन यांचा मेंदूस तुटवडा पडतो आणि त्यांपासून बनणारी अनुक्रमे डोपामीन व सेरोटोनीन ही द्रव्ये घटतात. म्हणजे एका अम्लाच्या अतिरेकातून इतर अम्लांचे दुर्भिक्ष्य निर्माण होते. अशा उंदरांची शिकण्याची क्षमता कमी आढळते. मेलॅनीन या रंगद्रव्याची निर्मितीही मंदावून काळी लव तपकिरी होते. उपचार लागू पडल्यास ती पुन्हा गडद होते, ही संशोधकांची मोठीच सोय होय.

विकारग्रस्त मादीची पिले, त्यांच्यात स्वतःत एक निर्दोष जनुक असले तरी, जन्मानंतर लवकरच दगावतात. कारण गर्भावस्थेत त्यांना मातेच्या रक्तातील अतिरिक्त फिनिलॲलॅनीन सोसावे लागते. गरोदर स्त्रियांच्या आहारनियंत्रणाचे महत्त्व यावरून ध्यानात येते.

फिनिलॲलॅनिनाचे सिनॅमिक अम्ल व अमोनिया यांत विघटन करणारे एक सूक्ष्मजीवजन्य एंझाइम टोचल्यास या उंदरांच्या रक्तातील पातळी उतरते, असे दिसून आले. त्यापासून सिद्ध केलेल्या पेगव्हॅलिएज या औषधास अमेरिकेत २०१८ मध्ये प्रौढ रुग्णांसाठी मान्यता मिळाली. अर्थात त्याने टायरोसिनाची उणीव भरून निघत नाही.